बायोसला नाव देणारा माणूस : गॅरी किल्डॉल

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी फक्त घरी आणि दहावीपर्यंतच्या एका पेपरापुरतं. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागात लिही असं मॅडमनी सांगितलं तेव्हा पोटात गोळाच आला. शुद्धलेखन माझ्या रूममेटने तपासून दिलंय. ती मराठी मीडियमची. तरी चुका राहिल्याच असतील तर त्या माझ्या समजा.

पण हा लेख मला लिहायचाच होता. कारण गेल्या वर्षी मी आपल्याच कॉलेजच्या स्टेजवर उभी राहून एका माणसाबद्दल चुकीचं बोलले, आणि वर त्याबद्दल मला वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. तो कप अजून माझ्या टेबलवर आहे, त्यात मी पेनं ठेवते. माझा विषय होता 'संधी'. मी सांगितलेली गोष्ट अशी : एक होता गॅरी किल्डॉल. जगातली सगळ्यात मोठी कंपनी त्याच्या दारात ऑपरेटिंग सिस्टिम विकत घ्यायला आली, आणि हा पठ्ठ्या त्या दिवशी विमान उडवायला निघून गेला! संधी गेली ती गेली. म्हणून मित्रांनो, दार ठोठावलं की घरी असा. टाळ्या. फर्स्ट इयरची मुलं तर शिट्ट्या मारत होती.

नंतर मी गॅरीला विसरूनही गेले. त्याची पुन्हा गाठ पडली ती रात्री दोन वाजता, माझा नवाकोरा लॅपटॉप बंद पडला तेव्हा.

तर झालं असं की, आमच्या ग्रुपला प्रोजेक्टसाठी मागच्या बॅचचा रोबोट मिळाला. त्याचा सगळा कोड आरओएस नोएटिकवर लिहिलेला, आणि ते चालतं उबंटू २०.०४ वर, म्हणजे २०२० सालच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर. माझा लॅपटॉप नवीन, त्यात विंडोज ११. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून घेऊन दिलेला. देताना एकच वाक्य सांगितलं होतं की ह्याच्यात काही खटपट करू नकोस. आता नवीन मशीनवर जुनी सिस्टिम टाकायची आणि आतलं काही बिघडवायचं नाही, हे कसं जमायचं? सिनियरने उपाय सांगितला. मूळ ड्राइव्ह काढून कपाटात ठेव, दुसरी छोटी ड्राइव्ह लाव, आणि तिच्यावर जे करायचं ते कर. स्कॉलरशिपच्या पैशातून २५६ जीबीची एसएसडी आणली. आम्ही तिला हार्ड डिस्कच म्हणतो, आत फिरणारं काही नसलं तरी. मागचे स्क्रू काढले, जुन्या एटीएम कार्डाने झाकण उचकटलं, बॅटरीची पिन काढली, एक छोटा स्क्रू काढल्यावर मूळ ड्राइव्ह तिरकी वर आली. ती अँटिस्टॅटिक पिशवीत घालून स्वेटरच्या खाली ठेवली.

उबंटूच्या इन्स्टॉलरला नवी ड्राइव्ह दिसेचना. आरएसटी बंद करा असा मेसेज आला. बायोसमध्ये जाऊन स्टोरेजचा मोड एएचसीआय केला, मग दिसली. वायफाय काही चाललं नाही, कारण जुन्या कर्नलला नवीन कार्ड ओळखता येईना. मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेतलं. पण रोबोट चालला! डेमो झाला, मार्क मिळाले.

दिवाळीला घरी जायच्या आदल्या रात्री मूळ ड्राइव्ह परत लावली, आणि समोर निळी स्क्रीन. पुन्हा चालू केला, पुन्हा निळी. हात कापायला लागले. बाबांचे अजून बरेच हप्ते बाकी. अर्धा तास रडण्यात गेला. मग रूममेटच म्हणाली की तू आत काय काय बदललं होतंस ते क्रमाने सांग बघू. सांगता सांगता आठवलं की ड्राइव्ह परत लावली, पण बायोसमधला मोड तसाच राहिला होता! एफटू दाबून मोड पूर्ववत केला. सिनियरने आधीच वहीत लिहून घ्यायला लावलेली ४८ आकडी रिकव्हरी की लागली, ती टाकली, आणि मशीन सुरू. चूक सर्वस्वी माझी होती.

मग रूममेटने विचारलं, हे बायोस बायोस करतेस, ते असतं काय गं? मी व्हायवासारखं उत्तर दिलं : बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम. तिने विचारलं, हे नाव ठेवलं कोणी? ते काही मला येईना. शोधलं तर उत्तर निघालं, गॅरी किल्डॉल. माझ्या कपवाला! ज्याला मी स्टेजवर आळशी, बेफिकीर माणूस करून टाकलं होतं त्याच्याच कल्पनेने त्या रात्री माझी सुटका झाली होती. मग सुट्टीत मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. ते असं आहे.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा. घरच्यांची तिथे नौकानयन शिकवणारी शाळा होती. गॅरीसुद्धा तरुणपणी तिथे शिकवायचा. पुढे गणिताचा शिक्षक व्हायचं म्हणून तो युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गेला आणि तिथे कॉम्प्युटरच्या नादी लागला. १९६३ मध्ये शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी मॅक्युएन हिच्याशी लग्न झालं. ते व्हिएतनाम युद्धाचे दिवस. नौदलाची सेवा करावी लागली, ती त्याने मॉन्टेरे इथल्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवून केली. पुढे तिथेच प्राध्यापक म्हणून राहिला. १९७२ मध्ये पीएचडी झाली. कॉम्प्युटरवाल्यांनी लक्ष द्या : कंपायलर डिझाइनमध्ये आपण डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस घोकतो ना, त्याची पायाभूत पद्धत गॅरीच्या १९७३ च्या पेपरमधली. म्हणजे हा माणूस नशिबाने पुढे आलेला हौशी खटपट्या नव्हता, चांगला पक्का अभ्यासू मास्तर होता.

१९७१ मध्ये इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. चार बिटची. बहुतेकांच्या दृष्टीने ती कॅल्क्युलेटर, ट्रॅफिक सिग्नल अशा कामांची चिप. गॅरीला त्यात पूर्ण कॉम्प्युटर दिसला. कॉलेजच्या मोठ्या आयबीएम मशीनवर त्याने त्या चिपचा सिम्युलेटर लिहिला आणि आठवड्यातला एक दिवस इंटेलकडे सल्लागार म्हणून जायला लागला. ८००८ चिपसाठी त्याने १९७३ मध्ये पीएल/एम ही भाषा तयार केली. आपण मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये ८०८५ चे हेक्स कोड बोटं मोडेपर्यंत टाकतो, त्यावरून कल्पना करा की अशा चिपसाठी वरच्या पातळीची भाषा मिळणं म्हणजे काय सुख असेल.

पण एक मोठी अडचण होती. प्रोग्रॅम ठेवायचा कुठे? तेव्हा छोट्या मशीनसाठी टेलिटाइपवरची कागदी टेप असायची. तिचा रीडर सेकंदाला १० अक्षरं वाचायचा. त्याच सुमाराला आठ इंची फ्लॉपी आली. एका फ्लॉपीवर साधारण अडीच लाख अक्षरं मावायची. तेवढाच मजकूर टेपवरून वाचायचा तर २५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सात तास! गॅरीने शुगार्ट कंपनीकडून एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळवली. पण ती नुसती ड्राइव्ह. तिला मशीनशी जोडणारा कंट्रोलर नाही. त्याने स्वतः बनवून पाहिला, जमला नाही. ड्राइव्ह तशीच पडून राहिली. हे वाचून मला जरा बरं वाटलं. म्हणजे समोर ड्राइव्ह आहे आणि मशीनला ती दिसत नाही, हे दुःख पन्नास वर्षांपूर्वी त्यालाही होतं! शेवटी युनिव्हर्सिटीतला मित्र जॉन टोरोड ह्याने कंट्रोलर बनवून दिला, आणि १९७४ मध्ये गॅरीने लिहिलेली छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम त्या ड्राइव्हवरून सुरू झाली. तिचं नाव सीपी/एम. इंटेलला ती दाखवली, पण त्यांना त्यात रस वाटला नाही. त्यांनी पीएल/एम घेतली, सीपी/एम गॅरीकडेच राहिली.

मग गॅरी आणि डोरोथीने कंपनी काढली. नाव काय तर इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे त्यातलं इंटरगॅलॅक्टिक गळून पडलं. पॅसिफिक ग्रोव्ह ह्या समुद्रकाठच्या गावात घरातूनच धंदा सुरू झाला. गॅरी कोड लिहायचा, व्यवहार आणि करार डोरोथी बघायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बायोस. १९७० च्या दशकाच्या मध्यावर छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. प्रत्येकाची ड्राइव्ह वेगळी, कंट्रोलर वेगळा, टर्मिनल वेगळं. आयएमएसएआय नावाच्या कंपनीला सीपी/एम हवी होती. प्रत्येक नवीन मशीनसाठी सगळी सिस्टिम पुन्हा खणून बदलायची, ह्याचा गॅरीला कंटाळा आला होता. मग त्याने सिस्टिमचे तुकडे केले. फाइली सांभाळणारा मोठा भाग सगळीकडे एकसारखा. आणि हार्डवेअरशी थेट बोलणारा भाग, म्हणजे डिस्कवरचा हा सेक्टर वाच, स्क्रीनवर हे अक्षर टाक, एवढंच काम करणारा, तो अगदी छोटा आणि वेगळा. त्या छोट्या भागाचं नाव बायोस. नवीन मशीन आलं की फक्त बायोस नवीन लिहायचा, बाकी सगळं जसंच्या तसं.

ऐकायला साधं वाटतं. पण ह्याचा परिणाम बघा. सीपी/एमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम कोणत्याही कंपनीच्या मशीनवर चालायला लागला. वर्डस्टार आणि डीबेस टू हे आधी सीपी/एमवरचे. आमच्या एका सरांनी त्यांच्या तरुणपणी क्लास लावून वर्डस्टार आणि डीबेसचं सर्टिफिकेट घेतलं होतं. ते अजून फ्रेम करून ठेवलंय म्हणे.

आणि ड्राइव्ह बदलणं? तेव्हाचा सीपी/एमवाला ड्राइव्ह बदलायचा तर त्याला स्वतःच बायोसचा तुकडा लिहावा लागायचा. १९७९ च्या २.० आवृत्तीत गॅरीने डिस्कची माहिती एका तक्त्यात घातली : ट्रॅकवर सेक्टर किती, जागेचे ब्लॉक केवढे, सगळं. तक्ता बदला की मोठी ड्राइव्हसुद्धा चालते. त्यामुळे हार्ड डिस्क लावता यायला लागली, एका ड्राइव्हला ८ एमबीपर्यंत. ८ एमबी म्हणजे आज मोबाइलवरचे दोनतीन फोटो. पण २.२ आवृत्तीचा मुख्य भाग, कमांड वाचणाऱ्या भागासकट, साडेपाच केबीत मावायचा! ए, बी, सी अशी ड्राइव्हना अक्षरं देण्याची पद्धतसुद्धा छोट्या कॉम्प्युटरवर सीपी/एमने रुळवली. ए आणि बी फ्लॉपीच्या, म्हणून हार्ड डिस्कला सी. फ्लॉपी गेल्या, सी ड्राइव्ह राहिली.

आता त्या प्रसिद्ध दिवसाकडे येते. १९८० च्या ऑगस्टमध्ये आयबीएमची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली. त्यांना त्यांच्या नव्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती, आणि बिल गेट्सनेच त्यांना गॅरीकडे पाठवलं होतं. गॅरी त्या सकाळी खरंच विमानात होता. पण मौज म्हणून नाही, कामासाठी. तो स्वतःचं विमान चालवत एका गिऱ्हाइकाकडे गेला होता. आणि आलेल्या लोकांशी बोलायला डोरोथी होती, कारण करार बघणं तिचंच काम होतं. आयबीएमने आधी गुप्ततेचा करार पुढे केला. तो इतका एकतर्फी होता की वकिलाला विचारून डोरोथी सही करायला थांबली. कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. दुपारी गॅरी परत आला. पुढे नेमकं काय बोलणं झालं ह्याबद्दल दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत. एवढं खरं की अटींवर जमलं नाही.

मग आयबीएम पुन्हा गेट्सकडे गेली. सिअ‍ॅटलमध्ये टिम पॅटर्सन ह्या इंजिनियरने ८०८६ चिपसाठी सीपी/एमच्या वळणाची एक सिस्टिम लिहिलेली होती. सीपी/एमचे प्रोग्रॅम सहज उतरवता यावेत म्हणून कॉल्स तसेच ठेवलेले. मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये ती पूर्ण विकत घेतली. त्यातून पीसी डॉस आणि एमएस डॉस झालं. दुसऱ्या कंपन्यांना ते विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला, आणि खरी कमाई त्यातून झाली. गॅरीने ते पाहिलं तेव्हा त्याला ते आपल्याच सिस्टिमची नक्कल वाटलं. पॅटर्सनचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की त्याने कोड घेतला नाही, मॅन्युअल वाचून स्वतः लिहिलं. खूप वर्षांनी दोन्हींचा कोड तज्ज्ञाने तपासला, त्यातही चोरलेला कोड सापडला नाही. म्हणजे ह्या गोष्टीत एक चोर आणि एक बावळट असं सरळ काही नाहीच. कॉपीराइटचा अमेरिकन कायदा सॉफ्टवेअरसाठी १९८० मध्येच कुठे दुरुस्त झाला होता. कोर्टात काय होईल सांगता येत नव्हतं. गॅरीने खटला भरला नाही. त्याऐवजी आयबीएमने त्याची सीपी/एम-८६ सुद्धा विकायला ठेवायची असं ठरलं. आणि ठेवली, पण किंमत बघा : पीसी डॉस ४० डॉलर, सीपी/एम-८६ २४० डॉलर, आणि तीही आली १९८२ मध्ये. मेसचं जेवण ४० रुपयांना आणि शेजारी तसंच जेवण २४० ला असेल तर आपण कुठे जाऊ?

माझ्या भाषणात हे काहीच नव्हतं. ना डोरोथी, ना करार, ना किंमत. कारण त्यावर टाळ्या पडल्या नसत्या.

आणि गॅरी तिथे संपलाही नाही. १९८० च्या दशकात एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या सिस्टिम, जेम हा माउसने चालणारा ग्राफिक इंटरफेस, १९८८ मध्ये डीआर डॉस हे सगळं त्याच्या कंपनीने काढलं. सीडी-रॉम नवीन होती तेव्हा त्याने दुसरी कंपनी काढून ग्रोलियरचा पूर्ण विश्वकोश एका सीडीवर आणला. कॉम्प्युटर क्रॉनिकल्स ह्या टीव्ही कार्यक्रमाचा तो काही वर्षं सहनिवेदक होता. त्याचे भाग बघायला मिळतात. दाढीवाला, शांत बोलणारा, अवघड गोष्ट सोपी करून सांगणारा. बघताना वाटतं, हा आपला मास्तर असता तर ऑपरेटिंग सिस्टिमला केटी लागली नसती.

१९९१ मध्ये नॉव्हेलने त्याची कंपनी विकत घेतली. पैसा भरपूर मिळाला. पण विमानाची ती गोष्ट काही त्याचा पिच्छा सोडेना. जिथे जाईल तिथे लोक तेच विचारायचे. १९९२ मध्ये त्याच्याच विद्यापीठाने कॉम्प्युटर विभागाच्या २५ वर्षांच्या समारंभाला बोलावलं, आणि मुख्य भाषण मात्र बिल गेट्सला दिलं. गेट्स तिथला विद्यार्थीही नव्हता. गॅरीला ते फार लागलं. त्यानंतर त्याने आपल्या आठवणी लिहून काढल्या, पण त्या त्याच्या हयातीत छापल्या नाहीत. डोरोथीशी घटस्फोट आधीच झाला होता. शेवटच्या वर्षांत दारूचं व्यसन वाढलं. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला, कसा ते नीट कळलंच नाही. तीन दिवसांनी, ११ जुलैला तो गेला. वय फक्त ५२.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. त्याला त्रास झाला तो पैसे गेल्याचा कमी, आणि त्या अर्धवट गोष्टीचा जास्त. ती गोष्ट पसरवणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी मीही उभी होते, हातात माइक घेऊन.

२०१४ मध्ये आयईईईने पॅसिफिक ग्रोव्हच्या त्या जुन्या ऑफिसच्या जागी सीपी/एमच्या सन्मानाची पाटी बसवली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड सगळ्यांना वाचायला खुला केला. २०१६ मध्ये त्याच्या मुलांनी त्या आठवणींचा काही भागही खुला केला. तेव्हाच्या कोडचा बायोस वाचून बघा. सेकंड इयरच्या कुणालाही कळेल इतका स्वच्छ आहे.

आता आपल्या लॅपटॉपमध्ये असतं त्याला खरं तर यूईएफआय म्हणतात, पण सगळे बायोसच म्हणतात. गॅरीचा बायोस डिस्कवरून यायचा, आयबीएमने पीसीमध्ये तो रॉममध्ये बसवला, आणि आता तर तो फारच मोठा झालाय. कल्पना मात्र तीच राहिली : खालचं हार्डवेअर बदललं तरी वरच्याला त्रास होऊ द्यायचा नाही. म्हणूनच २०२० ची सिस्टिम माझ्या नव्या लॅपटॉपवर चालली, आणि मूळ ड्राइव्हसुद्धा एक सेटिंग बदलल्यावर मुकाट्याने सुरू झाली.

दिवाळीत बाबांना सगळं सांगून टाकलं, ड्राइव्ह काढल्याचं पण. ते थोडा वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले की पुढच्या वेळी काय बदललं ते आधी कागदावर लिहून ठेवत जा. मी लिहून ठेवते आता. तुम्हीही ठेवा. मूळ ड्राइव्ह जपून ठेवा, रिकव्हरी की लिहून घ्या, बायोसमध्ये हात घालण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

आणि पुढच्या महिन्यात फर्स्ट इयरच्या इंडक्शनला मला पुन्हा बोलायला सांगितलंय. विषय मी निवडायचा आहे. मी गॅरीवरच बोलणार आहे. टाळ्या कमी पडतील बहुतेक. चालेल.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी